रिपोर्ट चांगला आला, आता पुढे काय? – सिरोसिससोबत जगताना

यंदाच्या जयंतीला आठ दिवस राहिले होते. वस्तीतले एक रिक्षाचालक भाऊ हातात फाइल घेऊन आमच्या दारात उभे राहिले. वय चव्वेचाळीस. दोन वर्षांपूर्वी याच माणसाला आम्ही चौघांनी धरून सरकारी रुग्णालयात नेले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, पाय सुजलेले, पोट दिवस भरलेल्या बाईसारखे फुगलेले. पोटातून सुईने पाणी काढावे लागले. डॉक्टरांनी निदान सांगितले, लिव्हर सिरोसिस. त्या दिवशी दारू सुटली, ती आजपर्यंत सुटलेली आहे.

आता त्यांच्या कागदावर बिलिरुबिन ५.८ वरून १.१ वर आले होते. अल्ब्युमिन २.३ वरून ३.६ वर गेले होते. पोट सपाट, डोळे स्वच्छ, रिक्षा पुन्हा रस्त्यावर. त्यांनी विचारले, "ताई, म्हणजे आता मी बरा झालो ना?" मागे उभ्या असलेल्या वहिनींनी दुसराच प्रश्न विचारला, तोही आवाज खाली घेऊन : "आता किती वर्षं धरायची?"

हे दोन्ही प्रश्न आम्हाला वॉर्डात असतानाही ऐकू यायचे आणि आता वस्तीत फिरतानाही येतात. सिरोसिस कशाने होतो, यावर भिंतीभर पोस्टर्स असतात. सुधारणा झाल्यावर काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून या वेळचे पान त्यासाठी.

काम सुधारले, दाब उरला

लिव्हर, म्हणजे यकृत, उजव्या बरगडीखाली असते. मोठ्या माणसाचे साधारण सव्वा ते दीड किलोचे. आतड्यांतून येणारे सगळे रक्त एका मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये येते, तिथे गाळले जाते, मग पुढे हृदयाकडे जाते. दारू, विषाणू किंवा चरबी वर्षानुवर्षे लिव्हरला जाळत राहिली की आत व्रण पडतात. भाजलेल्या कातडीवर जसा कडक, आकसलेला डाग राहतो तसेच. मऊ स्पंजासारखे लिव्हर गाठीगाठींचे, टणक होते. हाच सिरोसिस.

यातून दोन वेगवेगळी संकटे येतात आणि ती वेगवेगळी समजून घेतली नाहीत तर पुढचे काहीच समजत नाही. पहिले, लिव्हरचे काम कमी होते. कावीळ दिसते, रक्तातले प्रथिन घटते, रक्त गोठायला वेळ लागतो. दुसरे, टणक लिव्हरमधून रक्त पुढे सरकत नाही आणि मागच्या शिरेत दाब वाढतो. आपल्या वस्तीतली पाण्याची मुख्य पाइप चोंदली की काय होते ते आपण पाहतोच. पाणी मागे तुंबते आणि जिथे जोड कच्चा तिथून फुटते. शरीरातले कच्चे जोड म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा. त्या फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. पोटात पाणी साचण्यामागे आणि प्लीहा मोठी होण्यामागेही हाच दाब आहे. फुगलेली प्लीहा रक्तातल्या प्लेटलेट अडवून ठेवते.

आता त्या भाऊंच्या कागदाकडे पुन्हा बघा. बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर हे तीन आकडे लिव्हरच्या कामाबद्दल सांगतात. ते छान सुधारले होते. पण त्याच कागदावर खाली प्लेटलेट ९४ हजार लिहिले होते. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ८२ हजार होत्या. म्हणजे काम सुधारले, दाब मात्र अजून उरलेला असावा. प्लेटलेट इतर कारणांनीही कमी होतात, एकट्या त्या आकड्यावरून निदान होत नाही. पण सिरोसिसच्या माणसाच्या रिपोर्टवर वरच्या ओळी पाहून फाइल मिटू नये ती यासाठी.

त्यांनी नेमके तेच केले होते. आम्ही गोळ्या दाखवा म्हटले तेव्हा प्रोप्रॅनोलॉलची पट्टी नव्हती. "ती बीपीची गोळी ना ताई? औषधाच्या दुकानात सांगितलं, तुला बीपी नाही तर कशाला खातोस? आणि चक्करही यायची." तीन महिन्यांपासून बंद. ही गोळी ब्लडप्रेशरची म्हणून ओळखली जाते हे खरे. पण सिरोसिसमध्ये ती देतात त्या तुंबलेल्या शिरेतला दाब उतरवायला, रक्ताची उलटी होऊ नये म्हणून. कार्वेडिलॉल हीसुद्धा त्याच जातीची गोळी. चक्कर येत असेल, नाडी फार मंद वाटत असेल तर डॉक्टरांना सांगून डोस कमी करून घ्यायचा असतो. आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते. दुसऱ्याच दिवशी त्यांना परत पाठवले. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेतल्या शिरा पुन्हा फुगलेल्या निघाल्या, दोन ठिकाणी रबरी बँड टाकावे लागले. शिरा फुटायच्या आधी हे झाले. असे वेळेवर कळणे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

लिव्हर खरेच सुधारते का?

सुधारते. हे आम्ही ठामपणे लिहितो, कारण नर्सिंगच्या डिप्लोम्याच्या वेळी आम्हाला उलटे शिकवले होते : सिरोसिस म्हणजे परतीची वाट नाही. ते पुस्तक आता जुने झाले. २०१३ साली हिपॅटायटिस बीच्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. टेनोफोविर ही रोजची एक गोळी पाच वर्षे दिल्यावर लिव्हरचा तुकडा पुन्हा तपासला, तेव्हा सुरुवातीला सिरोसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांत सिरोसिस म्हणावा इतका व्रण उरला नव्हता. यातल्या बहुतेकांचा आजार पाणी होण्याच्या टप्प्यापर्यंत गेलेला नव्हता, हे लक्षात ठेवावे. तरीही, जाळणारी आग विझवली तर लिव्हर स्वतःला बऱ्यापैकी सावरते, हे त्यातून दिसले.

ज्यांच्या पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली किंवा डोक्यात भ्रम झाला, त्यांचे काय? युरोपात इटलीतल्या बावेनो या गावाच्या नावाने यकृततज्ज्ञांची एक परिषद भरते. २०२१ साली या परिषदेने अशा माणसाला 'पुन्हा सावरलेला' कधी म्हणायचे ते ठरवले. आजाराचे कारण गेलेले किंवा आटोक्यात असले पाहिजे. पाण्याच्या गोळ्या बंद केल्यावरही पोटात पाणी नको, लॅक्ट्युलोजसारखी औषधे बंद केल्यावरही भ्रम नको आणि सलग बारा महिने रक्तस्राव नको. शिवाय ते तीन आकडे, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, टिकून सुधारलेले हवेत. गोळ्या चालू असताना पोट सपाट आहे, याला सावरणे म्हणत नाहीत. ते गोळ्यांचे काम आहे. त्या गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करायचा निर्णय डॉक्टरांचा. आणि एवढे सगळे जमले तरी शिरेतला दाब उरलेला असू शकतो, म्हणून दाबाची गोळी आणि सोनोग्राफी चालू राहते.

आयुष्याचा हिशेब यावरच अवलंबून आहे. जुन्या अभ्यासांत, पाणी, रक्तस्राव, भ्रम यांपैकी काहीही न झालेले निम्म्याहून जास्त सिरोसिसचे रुग्ण बारा वर्षांच्या पुढे जगत होते. यांपैकी काही झाल्यावर मात्र निम्मे रुग्ण सुमारे दोन वर्षांत जात. हा दुसरा आकडा ऐकून पुष्कळ घरे हातपाय गाळतात. पण तो सगळ्यांची सरासरी आहे. त्यात पीत राहिलेलेही आले. कारण थांबवून जो सावरला त्याचा हिशेब वेगळा होतो.

कारण कोणते, ते आधी शोधा

आपल्या वस्त्यांत लिव्हरचा आजार म्हटले की लोक लगेच म्हणतात, "पीत असेल." आमच्या ओळखीच्या एक मावशी, आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, पाचवे शील कधी मोडले नाही. पोटात पाणी झाले तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून सात महिने घरात बसल्या. तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. तोवर आजार बराच पुढे गेला होता. दारूखेरीज हिपॅटायटिस बी आणि सी, तसेच मधुमेह आणि वाढलेल्या वजनासोबत येणारी लिव्हरवरची चरबी यांनीही सिरोसिस होतो. कधी दोन कारणे एकाच माणसात असतात. म्हणून दारू पिणाऱ्याचीही बी आणि सीची तपासणी झालीच पाहिजे.

२८ जुलै २०१८ पासून देशात राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. त्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात; जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. सीचा कोर्स बहुतेकांचा बारा आठवड्यांचा, सिरोसिसमध्ये कधी चोवीस आठवड्यांचा, आणि तो विषाणू शरीरातून निघून जातो. बी मात्र दबून राहतो, जात नाही. म्हणून बीची गोळी रिपोर्ट चांगला आला म्हणून सोडली तर विषाणू उसळून लिव्हर काही आठवड्यांत बंद पडू शकते. घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून ज्यांना बी नाही त्यांना लस द्यावी. नवजात बाळाला पहिली लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत.

या मावशींचे ताट आणि पेला घरच्यांनी वेगळा काढला होता. हिपॅटायटिस बी रक्तातून, शरीरसंबंधातून, वापरलेल्या सुईतून, ब्लेडमधून आणि आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने जात नाही. वेगळ्या पेल्याचा इतिहास आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको. तो पेला आम्ही त्यांच्या सुनेसमोर उचलला आणि त्यातूनच पाणी प्यायलो.

दारूबद्दल

ज्याचा सिरोसिस दारूचा आहे त्याला "थोडी चालते" असे काही नाही. बिअर नाही, सणाची नाही, अंगदुखीची नाही. सिरोसिस दुसऱ्या कारणाचा असेल तरीही दारू शून्यच. रिपोर्ट चांगला आल्यानंतरचे महिने सर्वांत धोक्याचे असतात, कारण अंगात ताकद येते आणि जुने मित्र परत येतात. आम्ही हे लिहिताना संकोच करणार नाही : जयंतीच्या मिरवणुकीत काही तरुण पिऊन नाचतात, आणि सावरलेल्या माणसाला पहिला पेला तिथेच हातात दिला जातो. हा पेला देणारा शत्रू नसतो, आपलाच भाचा, आपलाच शेजारी असतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांची नावे डोक्यात ठेवावीत आणि त्या दिवशी त्या माणसाच्या सोबत राहावे.

पाय घसरलाच तर लपवू नये. शिव्या देऊन कोणाची सुटलेली आम्ही पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना खरे सांगणाऱ्याचे लिव्हर वाचण्याची शक्यता जास्त. आणि जो रोज पितो त्याने घरी कोंडून घेऊन एकदम सोडू नये. हातपाय थरथरणे, फिट येणे, भास होणे, यातून जीव जाऊ शकतो. त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे.

खाणे

इथे सर्वांत जास्त नुकसान काळजीपोटी होते. कावीळ झाली की तेल बंद, हळद बंद, अंडे बंद, मटण बंद, मग फक्त उसाचा रस आणि मुरमुरे. माणूस वाळत जातो आणि घरचे म्हणतात पथ्य चालू आहे. सिरोसिसमध्ये दंडाचे आणि मांडीचे स्नायू झडतात, आणि झडलेला माणूस लवकर दगावतो. त्याला प्रथिने निरोगी माणसापेक्षा जास्त लागतात, वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वडीत पंचवीसेक ग्रॅम, तीही स्वस्तात. डाळ, हरभरा, शेंगदाणे, दही, मासळी, कोंबडी, जे परवडेल आणि पचेल ते. भ्रम होणाऱ्या रुग्णाची प्रथिने पूर्वी तोडत असत, ती पद्धत आता सोडली आहे. त्याला डाळी आणि दूध-दही थोडे थोडे करून जास्त वेळा द्यावे.

रात्री झोपण्याआधी काहीतरी खायचेच. आजारी लिव्हरला साखरेचा साठा करता येत नाही, म्हणून रात्रीचे आठ ते सकाळचे नऊ उपाशी राहिले की शरीर स्वतःचा स्नायू तोडून गरज भागवते. एक पोळी आणि दूध, किंवा मूठभर शेंगदाणे आणि केळे, एवढे पुरते. मधुमेह असेल तर काय खायचे ते विचारून घ्यावे, पण उपाशी झोपू नये. उपवासही नको.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, सगळ्या पदार्थांतले मिळून. सुकट, सुके बोंबील, पापड, लोणचे, फरसाण यांतच ते संपते. एक सावधानता : बाजारात कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोन ही पाण्याची गोळी चालू असेल तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते.

बाकीच्या गोष्टी

अंग दुखले, गुडघा दुखला म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, दवाखान्यात त्याचे इंजेक्शनही घेऊ नका. किडनी बसते आणि पोटात रक्तस्राव होतो. फाइल दाखवून "मला सिरोसिस आहे" असे आधी सांगावे. पॅरासिटॅमॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे पाचशेच्या चार गोळ्यांपर्यंत, चालते. झोपेची गोळी मनाने घेतली की भ्रम होतो. बद्धकोष्ठानेही होतो, म्हणून लॅक्ट्युलोज चालू असेल तर दिवसाला दोन-तीन मऊ शौच व्हायला हवेत. त्याला जुलाब समजून बंद करू नये.

काविळीची माळ डोक्यावरून घालून पायापर्यंत उतरली म्हणजे कावीळ उतरली, असे अजूनही लोक मानतात. गाठी सैल होत जातात म्हणून माळ वाढते. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की निघणारा पिवळेपणा आधी हाताला लावलेल्या झाडाच्या सालीचा असतो, काविळीचा नाही. माळेने लिव्हरला अपाय होत नाही, पण वेळ जातो. पोटात घ्यायच्या काढ्यांचा मात्र थेट अपाय होऊ शकतो. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते पटले नाही, वाद झाला. ज्याचे लिव्हर आधीच अर्धे आहे त्याने अशा वादात स्वतःवर प्रयोग करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणे, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, लघवी कमी होणे : यातले काहीही झाले तर सकाळची वाट न बघता रुग्णालय. आठवड्यातून एकदा वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंग धरणे नव्हे, पाणी आहे. दुर्बीण, बँड, दाखल होणे यांच्या खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारावे. जाताना रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवावे. सगळे करूनही लिव्हर साथ देत नसेल तर प्रत्यारोपणाबद्दल डॉक्टरांना लवकर विचारावे, अगदी खचल्यावर नव्हे.

शेवटची एक गोष्ट, जिच्याकडे सावरलेले लोक सर्वांत आधी पाठ फिरवतात. व्रण पडलेल्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ होण्याचा धोका सुधारणेनंतर घटतो, पण संपत नाही. हिपॅटायटिस सी पूर्ण बरा झाला तरी संपत नाही. गाठ लहान असताना दुखत नाही, कावीळ होत नाही, साध्या रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. सोनोग्राफीत दिसते आणि तेव्हा उपचार शक्य असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जमल्यास सोबत एएफपी ही रक्ताची तपासणी. तारीख लक्षात राहत नाही अशी तक्रार असते. आपल्या घरांसाठी ती अवघड नाही : १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर यांच्यात बरोबर सहा महिने आहेत. त्या दिवशी गर्दी आणि सुट्टी, म्हणून आदल्या आठवड्यात जावे.

वहिनींना आम्ही वर्षांचा आकडा दिला नाही. दारू शून्य राहिली, ती दाबाची गोळी परत सुरू झाली आणि सोनोग्राफी चुकली नाही, तर मुलगी आता नववीत आहे, तिची पदवी ते बघतील असे धरून चाला, एवढे सांगितले. एप्रिलच्या सोनोग्राफीत गाठ निघाली नाही. वहिनींनी घरातल्या कॅलेंडरवर ऑक्टोबरचे पान उलटून ७ तारखेला लाल पेनाने गोल केला आहे, आणि त्याखाली लिहिले आहे : रिक्षा बंद, सोनोग्राफी.